रशियातून येणाऱ्या बदकांसाठी हेगच्या न्यायालयात जाता येतं का?

तुमचा प्रश्न मला कसा समजला ते आधी सांगतो, म्हणजे उत्तर वाचताना गोंधळ होणार नाही. हातकणंगले तालुक्यातल्या तुमच्या गावाच्या तळ्यावर दर हिवाळ्यात बदकं उतरतात. ती रशिया-मंगोलियाकडून येतात असं तुम्ही लिहिलंय. ग्रामपंचायतीनं तळ्याचं सुशोभीकरण मंजूर करून आणलंय. त्यात काठानं काँक्रीटचा पदपथ, विजेचे खांब, बोटिंगसाठी धक्का आणि उथळ बाजूला भराव टाकून बाग आहे. शिवाय पहाटे काही पोरं जाळं लावून बदकं धरतात आणि ती हायवेवरच्या ढाब्यावर जातात. स्थलांतरित पक्ष्यांना आंतरराष्ट्रीय कायद्याचं संरक्षण आहे असं तुमच्या वाचनात आलंय. म्हणून तुम्ही विचारताय की संयुक्त राष्ट्रांकडे किंवा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात थेट तक्रार करता येईल का, आणि त्या पोरांना अटक होईल का.

मी कोल्हापुरात वकिली करतो. वनगुन्हे आणि पर्यावरणाची प्रकरणं बरीच वर्षं बघतोय, पुण्याच्या हरित न्यायाधिकरणातही, म्हणजे फक्त पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या न्यायालयातही, जाणं-येणं असतं. आधी सरळ उत्तर देऊन टाकतो. हेगला जाता येत नाही. अटक होऊ शकते, पण ती आंतरराष्ट्रीय कायद्यानं नव्हे, आपल्याच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं. आणि तुमच्या एका प्रश्नात दोन निरनिराळी प्रकरणं आहेत, जाळ्याचं आणि भरावाचं. दोन्हींची दारं वेगळी आहेत. बहुतेक लोक दोन्ही एकाच अर्जात कोंबतात आणि अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

आंतरराष्ट्रीय कायद्यापासून सुरुवात करू, कारण तुमचा सगळा भर त्यावर आहे आणि तो भर पूर्ण चुकीचा नाही.

स्थलांतरित प्राण्यांसाठीचा मुख्य करार १९७९ साली जर्मनीत बॉन इथे झाला. १ नोव्हेंबर १९८३ ला तो अमलात आला आणि भारत पहिल्यापासून त्याचा सदस्य आहे. त्याला दोन परिशिष्टं आहेत. पहिल्यात नामशेष होण्याच्या वाटेवर असलेल्या जाती. त्यांची शिकार सदस्य देशांनी बंद करायची, अधिवास राखायचे, स्थलांतराच्या वाटेतले अडथळे दूर करायचे. दुसऱ्यात अशा जाती ज्यांच्यासाठी देशांनी आपसात वेगळे करार करणं गरजेचं आहे. तुमच्या फोटोंतला थापट्या आणि तलवार बदक या दुसऱ्या परिशिष्टात मोडतात, कारण बदकांचं आख्खं कुळ तिथे घातलेलं आहे. चिखलात चोच टोचणाऱ्या तुतारी पक्ष्यांचं कुळही तिथेच. म्हणजे तुमच्या तळ्यावरच्या पाहुण्यांची करारात नोंद आहे, पण ती "यांच्यासाठी देशांनी एकत्र बसावं" अशा स्वरूपाची. "यांना धरणाऱ्याला शिक्षा द्या" असं त्या परिशिष्टात काही नाही.

आता एक गोष्ट जी वर्तमानपत्रात कधी येत नाही. या करारात रशिया नाही. चीनही नाही. मंगोलिया आणि कझाकस्तान आहेत. त्यामुळे "रशियातून येणारे पक्षी, म्हणून बॉन करार" हे गणित तितकं सरळ नाही. रशियाकडच्या पक्ष्यांसाठी भारतानं १९८४ मध्ये सोव्हिएत संघाशी वेगळा द्विपक्षीय करार केला होता. आफ्रिका-युरेशियाच्या पाणपक्ष्यांसाठी एक मोठा करार आहे, त्यात भारत सामील नाही. आपला पट्टा वेगळा मानला जातो. त्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. सैबेरियापासून हिंदी महासागरापर्यंत तीस देश त्यात येतात. भारतानं या मार्गासाठी २०१८ ते २०२३ असा राष्ट्रीय कृती आराखडा केला, फेब्रुवारी २०२० मध्ये गांधीनगरला बॉन कराराची तेरावी परिषद भरवली, आणि २०२४ च्या समरकंद परिषदेत या मार्गाच्या समन्वयाचं काम भारताकडे देण्याचं ठरलं. हे सगळं खरं आहे आणि पुढे उपयोगी पडणार आहे. पण ही सगळी सरकारांची एकमेकांना दिलेली वचनं आहेत.

म्हणून हेगला जाता येत नाही. तिथल्या न्यायालयात फक्त देश पक्षकार होऊ शकतात, माणूस नाही, संस्था नाही, ग्रामसभा तर नाहीच. बॉन करारातही वाद झाला तर दोन देशांनी आधी बोलणी करायची आणि दोघांची संमती असेल तरच लवादाकडे जायचं अशी सोय आहे. नागरिकांच्या तक्रारी ऐकणारी खिडकीच त्यात ठेवलेली नाही. दोन भावांनी वाटणीपत्र केलं म्हणून शेजाऱ्याला त्यावर दावा लावता येत नाही, तसंच आहे हे. तुम्ही बॉनला ईमेल पाठवू शकता, सौजन्यानं उत्तरही येईल, पण त्यानं तुमच्या तळ्यावरचा डंपर थांबणार नाही.

मग करार कशाला? इथे थोडं थांबतो, कारण हा भाग वकिलांनाही नीट माहीत नसतो.

भारतात सरकारनं करारावर सही केली की तो आपोआप कायदा होत नाही. १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलंय. संसदेनं कायदा केला तरच तो तुमच्या-माझ्यावर चालतो. तसा कायदा करायचा अधिकार संसदेला राज्यघटनेच्या कलम २५३ नं दिलाय, विषय राज्यांच्या यादीतला असला तरी. अमेरिकेत याच मुद्द्यावर १९२० साली एक सुंदर खटला झाला. अमेरिका आणि कॅनडाच्या वतीनं ब्रिटन यांच्यात १९१६ मध्ये स्थलांतरित पक्ष्यांचा करार झाला, त्यावर केंद्रानं कायदा केला, तर मिसूरी राज्य म्हणालं, आमच्या हद्दीतले पक्षी आमचे. न्यायमूर्ती होम्स यांनी ते मानलं नाही. त्यांचा मुद्दा असा होता की काल जे पक्षी इथे नव्हते, उद्या दुसऱ्या राज्यात असतील आणि आठवड्यानं हजार मैलांवर असतील, त्यांच्यावर मालकी कसली सांगताय? मला हा निकाल फार आवडतो. इथल्या कोर्टात त्याचा थेट उपयोग शून्य, पण जिल्हाधिकाऱ्यांसमोर बोलताना कामाला येतो.

आपल्याकडे करार दुसऱ्या वाटेनं आत येतो. कलम ५१ सरकारला सांगतं की आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल आणि करारातल्या बंधनांबद्दल आदर जोपासा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलच्या १९९७ च्या विशाखा निकालापासून न्यायालयांची भूमिका पक्की झालीय की देशातल्या कायद्यात जागा रिकामी असेल आणि करार त्याच्या विरोधात जात नसेल, तर हक्कांचा अर्थ लावताना करार वाचता येतो. म्हणजे करार हा तुमच्या केसचा पाया नाही, तो पायावर चढवायचा मजला आहे. माझ्याकडे येणारे बरेच अर्ज याच्या उलटे असतात. पहिली चार पानं बॉन, रामसर, रिओ, आणि तळ्याचा गट नंबर शेवटच्या परिच्छेदात, तोही चुकीचा. मी पक्षकाराला सांगतो, आधी तळ्याचे कागद आणा, करार मी घालतो.

रामसरबद्दलही तुम्ही विचारलंय, ते उरकून घेऊ. पाणथळ जागांचा १९७१ चा तो करार, भारत त्यात १९८२ पासून आहे. महाराष्ट्रातून त्या यादीत नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातलं एकही तळं नाही, आणि तुमचं तळं जाण्याची शक्यता फार कमी. नियमितपणे वीस हजार पाणपक्षी, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येच्या एक टक्का पक्षी, असे त्याचे पक्ष्यांसाठीचे निकष आहेत. तो नाद सोडा.

आता जाळं. हे प्रकरण सोपं आहे, पुरावा नीट असेल तर.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ९ नं शिकारीला बंदी आहे. शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, सापळा लावणं, आमिष टाकणं, आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न, सगळं त्या व्याख्येत येतं. पक्षी रशियाचा की इथलाच, हे हा कायदा विचारत नाही. तुमच्या फोटोंत निम्मे पक्षी इथलेच आहेत: वारकरी, शेकाट्या, धनवर बदक. अर्जात "परदेशी पक्षी" असं लिहून तुम्ही उगाच स्वतःला अडचणीत आणताय. समोरचा वकील उलटतपासात विचारेल, "हा वारकरी कुठल्या देशातून आला हो?" जाताजाता, आपल्याकडे प्रत्येक पांढऱ्या, लांब पायाच्या पक्ष्याला सैबेरियन क्रौंच म्हणायची पद्धत पडलीय. खरा सैबेरियन क्रौंच भरतपूरला २००२ नंतर आलेला नाही. अर्जात त्याचं नाव घातलंत तर वनखात्यातला पक्षी ओळखणारा पहिला माणूस तुमचा अर्ज बाजूला ठेवील.

शिक्षा जातीवर ठरते. १ एप्रिल २०२३ पासून सुधारित अनुसूच्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या प्राण्यांच्या याद्या, लागू आहेत. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार असेल तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, शिवाय किमान पंचवीस हजार दंड. दुसऱ्या अनुसूचीतल्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नेहमीची बदकं बहुतेक दुसऱ्या अनुसूचीत आहेत. तिथे कलम ५४ खाली तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटवण्याची सोय आहे आणि त्याची कमाल मर्यादा आता पाच लाख आहे. पूर्वी ती पंचवीस हजार होती. पोरं कोण आहेत, पहिलीच वेळ आहे का, किती पक्षी सापडले, यावर अधिकारी ठरवतात. त्यामुळे "अटक होईलच" असं मी लिहून देणार नाही. कलम ५० नं अधिकार आहे, वापरणं-न वापरणं प्रसंगावर.

पुराव्याचं मात्र सांगतो, कारण सगळं तिथेच फसतं. पक्ष्यांसाठीचं जाळं बारीक नायलॉनचं, बहुधा काळं असतं. पाणकणसाच्या आडोशाला दोन बांबूंमध्ये, पाण्यापासून हातभर वर ताणलेलं. चार हातांवरूनही दिसत नाही. उजाडताना ऊन तिरकं पडलं की धाग्यांवरचं दव चमकतं, एखादं पीस अडकलेलं हलतं, तेव्हा कळतं. मासेमारीचं जाळं पाण्यात असतं आणि वर प्लास्टिकच्या बाटल्यांचे नाहीतर थर्माकोलचे तरंगे दिसतात. हा फरक फोटोत आला पाहिजे, बांबू आणि पाण्याची पातळी एकाच चौकटीत. कारण आरोपीचं पहिलं म्हणणं ठरलेलं असतं: "साहेब, मासे धरत होतो, तळ्याचा ठेका आहे आमचा."

ते जाळं तुम्ही कापू नका. राग येतो, समजतं मला, पण कापलंत की पुरावा गेला. लोकेशन चालू ठेवून फोटो काढा, व्हिडिओत तारीख-वेळ तोंडानं बोला, आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. परिक्षेत्र वनाधिकाऱ्यांचा नंबर आधीच घेऊन ठेवा. पक्षी जिवंत अडकलेला असेल तर वनरक्षकाला फोन लावून त्याच्या सांगण्यानुसारच सोडवा. मेलेला पक्षी पुरावा म्हणून घरी आणून फ्रीजमध्ये ठेवणारे भले लोक मी पाहिलेत. तसं करू नका. कलम ३९ खाली तो सरकारी मालमत्ता आहे, आणि कलम ५७ खाली तो ज्याच्या ताब्यात सापडला त्यानंच ताबा कायदेशीर असल्याचं सिद्ध करायचं असतं. पंचनामा जागेवर, वनकर्मचाऱ्यांकडून, दोन पंचांसमोर झाला पाहिजे. पंच गावातले असले की पुढे फितूर होतात, त्यामुळे शक्य असेल तर शेजारच्या गावचे, शिक्षक किंवा तलाठी असे लोक घ्यायला सांगा.

पोलिसांत फिर्याद दिली म्हणजे झालं असंही समजू नका. कलम ५५ प्रमाणे न्यायालय दखल घेतं ती अधिकृत वन्यजीव अधिकाऱ्याच्या तक्रारीवर. वनखातं हललंच नाही तर तुम्ही स्वतः साठ दिवसांची नोटीस देऊन थेट न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे तक्रार करू शकता. ही तरतूद फार कमी लोक वापरतात. नोटीस गेली की बहुतेक वेळा साठ दिवस पुरे व्हायच्या आतच खातं जागं होतं, असा माझा अनुभव आहे. आणि पोरांबरोबर ढाब्याचाही पंचनामा व्हावा असा आग्रह धरा. विकत घेणारा सुटला तर पुढच्या वर्षी दुसरी पोरं येतात.

इथवरचं थोडक्यात: जाळ्याच्या बाबतीत वनखातं, १९७२ चा कायदा, करारांचं नाव घ्यायची गरजही नाही. हरित न्यायाधिकरणात हे घेऊन जाऊ नका. न्यायाधिकरणाच्या कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत जे कायदे आहेत त्यांत वन्यजीव कायदा नाहीच.

भरावाचं प्रकरण अवघड आहे आणि बरंचसं तुमच्या तळ्याच्या कुंडलीवर अवलंबून आहे.

पाणथळ जागांसाठी २०१७ चे केंद्रीय नियम आहेत, पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे. त्यातला नियम ४ वाचला तर तुम्हाला वाटेल केस जिंकली. पाणथळ जागेचा दुसऱ्या कामासाठी वापर, अतिक्रमण, घनकचरा आणि राडारोडा टाकणं, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणं, सगळ्याला बंदी. गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून पन्नास मीटरच्या आत, बोटीचा धक्का सोडला तर, कायमचं बांधकाम नाही. तुमचा पदपथ, खांब आणि बाग त्यात बरोबर सापडतात. बोटिंगचा धक्का मात्र सुटतो, त्यावर वेळ घालवू नका.

पण व्याख्या वाचा. नदीचं पात्र, भातशेती, खास पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय, आणि खास मत्स्यशेती, मीठ, करमणूक किंवा सिंचनासाठी बांधलेली तळी, हे सगळं त्या व्याख्येतून वगळलंय. आता आपल्या भागाकडे बघा. कळंबा तलाव शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला. पंचगंगेवर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागे जे पाणी साठतं, ज्यावर हिवाळ्यात सर्वांत जास्त पक्षी बसतात, ते नदीचं पात्र. गावोगावचे लघुपाटबंधारे तलाव सिंचनाचे. आमच्या जिल्ह्यात निसर्गानं घडवलेलं तळं शोधायला निघालात तर दमून जाल. पक्ष्यांना यातलं काही कळत नाही, त्यांना उथळ पाणी आणि चिखल पुरतो. पण नियमांना कळतं. हा नियमांचा मोठा दोष आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि दख्खनच्या पठारावर तो सर्वांत जास्त टोचतो.

म्हणून पहिलं काम, तुमचं तळं कुणी, कधी आणि कशासाठी बांधलं ते शोधणं. सातबारा काढा. भोगवटदाराच्या जागी सरकार आहे, ग्रामपंचायत आहे, की अजून कुणा शेतकऱ्याचं नाव आहे ते बघा. १९७२ च्या दुष्काळात रोजगारासाठी खोदलेल्या कितीतरी पाझर तलावांची जमीन संपादित झाली, पण फेरफार झालाच नाही, आणि आज वारस येऊन उभे राहतात. इतर हक्कांच्या रकान्यात "पाझर तलावाकडे" अशी एक पुसट ओळ सापडली तर तिचा फोटो लगेच काढा. मग जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे किंवा मृद व जलसंधारण कार्यालयाकडे माहिती अधिकारात तलावाचं मूळ अंदाजपत्रक आणि प्रशासकीय मान्यतेची प्रत मागा. त्यात बांधण्याचा उद्देश लिहिलेला असतो.

इथून वाटा फुटतात. तळं सिंचनासाठी असेल तर पाणथळ नियमांवर एकट्यानं उभं राहू नका. पाझर तलाव असेल तर मुद्दा मांडता येतो. तो भूजल भरण्यासाठी असतो, त्यातून कालवा निघत नाही, म्हणून "खास सिंचनासाठी" ही अट त्याला लागत नाही. हा युक्तिवाद चालण्यासारखा आहे असं मला वाटतं. समोरून विरोध होणार हे धरून चला. जुनं गावतळं असेल, कुणी बांधल्याची नोंदच नसेल, तर तुमची बाजू सर्वांत मजबूत.

दुसरी वाट सर्वोच्च न्यायालयाची. एम. के. बालकृष्णन प्रकरणात २०१७ मध्ये न्यायालयानं आदेश दिला की उपग्रहाच्या साहाय्यानं तयार झालेल्या राष्ट्रीय यादीतल्या, सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना तेव्हाच्या २०१० च्या नियमांतल्या नियम ४ च्या तत्त्वांनुसार संरक्षण द्यावं. त्या यादीत मानवनिर्मित तळीही दाखवलेली आहेत. सरकारी वकील म्हणतात व्याख्येतून वगळलेली तळी यातूनही वगळली, आम्ही म्हणतो आदेश यादीवर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं राज्यांना या जागांची प्रत्यक्ष पाहणी आणि सीमांकन पूर्ण करायला सांगितलंय. तेव्हा तुमचं तळं सव्वादोन हेक्टरच्या वर आहे का आणि जिल्ह्याच्या यादीत त्याला क्रमांक आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. क्रमांक सापडला तर अर्धी लढाई तिथेच.

जायचं कुठे? पाणथळ नियम, जलप्रदूषण किंवा जैवविविधता कायद्याचा भंग असेल तर पुण्याचं हरित न्यायाधिकरण. नुकसानभरपाई मागितली नसेल तर शुल्क हजार रुपये. पण मुदत कडक आहे. वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, फार तर आणखी साठ दिवस. कामाचा आदेश निघाला ती तारीख धरा, डंपर आला ती नव्हे, म्हणजे सुरक्षित राहाल. जुनी बाब, अनेक खात्यांची टोलवाटोलवी, किंवा नियमांच्या व्याख्येलाच आव्हान द्यायचं असेल तर उच्च न्यायालय. त्यासाठी आता मुंबईला जायला नको. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच बसतं, सांगली, सातारा, सोलापूर आणि कोकणातले दोन जिल्हेही इथेच येतात. आणि हो, पर्यावरण संरक्षण कायद्यात आता कैदेची भीती घालू नका. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं तिथे दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड आणलाय. सरपंचांना "जेलमध्ये जाल" म्हणून धमकावणारा अर्ज मी वाचला तर मला कळतं की लिहिणाऱ्यानं जुनं पुस्तक वापरलंय. त्यांच्या वकिलालाही कळेल.

आता करार कुठे घालायचे ते सांगतो. दोन जागा आहेत.

एक, कोर्टात, जिथे नियमाचे दोन अर्थ निघतात. पाझर तलाव आत की बाहेर, यादीतलं मानवनिर्मित तळं आत की बाहेर, असा प्रश्न आला की म्हणायचं: भारत बॉन कराराचा सदस्य आहे, मध्य आशियाई उड्डाणमार्गाचा आराखडा भारतानं स्वतः केलाय, या मार्गाचं समन्वयाचं काम भारतानं स्वीकारलंय. तेव्हा जो अर्थ या वचनांना धरून आहे तो घ्या. हे बोलायला तुमच्याकडे पक्ष्यांची नोंद हवी, "हजारो पक्षी येतात" नव्हे. जात, संख्या, तारीख, वेळ. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, तिच्यात तुमचं तळं घाला. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदी टाका. शिवाजी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्राच्या मुलांना बोलवा, त्यांच्या सहीच्या नोंदीला वजन असतं. सलग तीन हिवाळ्यांची साधी वही मला एका जाडजूड अहवालापेक्षा जास्त कामाची वाटते.

दोन, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ग्रामपंचायतीशी बोलताना. सरपंचांना तळं मारायचं नसतं. त्यांना आमदार निधी खर्च करायचा असतो आणि फोटो काढायचा असतो. गांधीनगरच्या परिषदेत कृत्रिम प्रकाशाचा वन्यजीवांवर होणारा परिणाम कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वं मान्य झाली. ती बंधनकारक नाहीत, पण उपयोगी आहेत. दिव्याचं तोंड खाली असावं, पाण्यावर उजेड पडू नये, रंग पिवळसर असावा, गरज नसताना दिवे बंद असावेत. पदपथ नको म्हणण्याऐवजी म्हणा की तो बांधाच्या बाजूनं न्या, उथळ बाजू सोडा. बदकं आणि तुताऱ्या खातात ते ढोपरभर पाण्यात आणि चिखलात, बांधाकडच्या खोल पाण्यात नाही. भराव नेमका उथळ बाजूलाच टाकला जातो कारण तिथे तो स्वस्त पडतो. तेवढी एक बाजू वाचली तर बाकीचं काम होऊ द्या, असं मी पक्षकारांना सांगतो. काहींना ते पटत नाही, त्यांना सगळं काम बंद पाडायचं असतं. तुमच्याकडे जुनं गावतळं असल्याचा पुरावा असेल तर तसं लढा. सिंचनाचं तळं असेल तर मात्र तडजोडीत जास्त वाचतं.

कायमचा उपाय हवा असेल तर वन्यजीव कायद्यातलं संवर्धन राखीव किंवा समूह राखीव क्षेत्र बघा. शेजारच्या सातारा जिल्ह्यातला मायणीचा तलाव असा पक्षी संवर्धन राखीव झालाय, आणि तोही सिंचनासाठी बांधलेलाच. पाणथळ नियमांनी ज्याला बाहेर ठेवलं, त्याला वन्यजीव कायद्यानं आत घेतलं. सरकारी जमीन असेल तर संवर्धन राखीव, खासगी किंवा गावाची असेल तर समूह राखीव. वेळ लागतो, वनखात्याचा पाठपुरावा लागतो, पण गावाला विश्वासात घेऊनच ते होतं आणि मासेमारीच्या ठेक्याचा प्रश्नही तिथेच बसून सोडवता येतो.

तोवर लगेच करण्यासारखं एक काम आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी, हे २००२ च्या कायद्यानं सांगितलंय. बहुतेक ठिकाणी समिती कागदावर असते आणि वही कपाटात. ती वही मागा, तळ्याचं नाव आणि पक्ष्यांची यादी तिच्यात घालायला लावा. जैवविविधता कायदा हरित न्यायाधिकरणाच्या अनुसूचीत आहे, त्यामुळे उद्या हीच नोंद तिथे दाखवता येते. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्या, तेव्हा पक्षीही तळ्यावर असतात आणि सभा तळ्याकाठी भरवा म्हणायला हरकत नाही. विषयपत्रिकेवर तो आधीच लेखी द्या, आयत्या वेळचे विषय म्हणून ऐनवेळी काढू नका. ठराव झाला तर त्याची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात घ्या, कारण ग्रामसेवकाची बदली झाली की इतिवृत्ताचं रजिस्टर शोधत पंचायत समितीपर्यंत हेलपाटे घालावे लागतात.